घराची शांत

दुसऱ्याचं मराठी दुरुस्त करायची मला लहानपणापासून खोड आहे. भोरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात बावीस वर्षं मराठी शिकवून ती खोड पोटापाण्याची झाली, एवढंच. लग्नपत्रिकेतल्या चुका मी हातात अक्षता धरून शोधते. दुकानाच्या पाटीवर ‘किराना’ दिसलं की आत जाऊन सांगते, आणि दुकानदार ‘हो मॅडम’ म्हणून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. या खोडीपायी माझं हसं झालंय, दोन-तीन माणसं कायमची तुटलीत, त्याचं मला फारसं काही वाटत नाही. पण दहा वर्षांची असताना मी एकदा सहा शब्दांचं एक वाक्य दुरुस्त केलं आणि त्यातून एक बाई जन्माला आली. ती आमच्या घरात तीस-पस्तीस वर्षं राहिली. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

सांगायची वेळ आली ती त्या मे महिन्यात. काश्मिरात फिरायला गेलेल्या माणसांना अतिरेक्यांनी गोळ्या घातल्या होत्या, आणि मग आपल्या सैन्यानं सीमेपलीकडे मारा केला होता. टीव्हीवर सकाळ-संध्याकाळ ओरडा चालू होता. भोरच्या वसंत व्याख्यानमालेच्या अध्यक्षांनी लगेच एक दिवस परिसंवादाला दिला. ‘परक्या भूमीवरची लष्करी कारवाई : देश दहशतवादापासून सुरक्षित होतो का?’ असा विषय. पत्रकावर ‘दहशदवाद’ छापलं होतं. ते सांगायला मी त्यांच्या घरी गेले, तर त्यांनी चहा पुढे केला आणि मलाच गळाला लावलं.

“मॅडम, होय म्हणणारा वक्ता मिळालाय, नाही म्हणणाराही मिळालाय,” ते म्हणाले. “पण प्रत्यक्ष जाऊन आलेला माणूस पाहिजे. तुमचे बंधू लंकेला होते ना? दहा मिनिटं बोलू द्या त्यांना. सूत्रसंचालन तुम्हीच करा.”

नाही म्हणायला हवं होतं. पण सूत्रसंचालन म्हटलं की माझी मान ताठ होते. मी होकार दिला आणि घरी येईपर्यंत पस्तावले.

दादा माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा. वडील मी तान्ही असतानाच गेले, त्यामुळे तो सैन्यात गेला तेव्हा घरात आई आणि मी दोघीच उरलो. आमचं गाव भाटघर धरणाच्या पाण्याकाठी, पलीकडे वेल्ह्याचे डोंगर. आईला अक्षर ओळखू येत नव्हतं. दादाची पत्रं मी वाचायची आणि आई सांगेल ते उत्तर मी लिहायचं. तेव्हा आपल्या देशानं श्रीलंकेत सैन्य धाडलं होतं. तिथल्या भांडणात मध्ये पडून ते मिटवायचं, म्हणजे त्याची धग आपल्याकडे येणार नाही, असा काहीतरी विचार होता. शांतिसेना म्हणायचे त्या सैन्याला. दादा त्यात होता.

एके दिवशी त्याचं निळं अंतर्देशीय पत्र आलं. त्यात पाच-सहा ओळी होत्या. “म्या बरा हाय. काळजी नसावी. काल हितं येक घर शांत केलं. आता कसलाच आवाज न्हाई. जेवाय भात असतो. बायला शाळंत धाडत जा.” बाय म्हणजे मी.

मधल्या ओळीवर मी अडखळले. घर शांत केलं म्हणजे काय? घर रडत होतं का? मला वाटलं, दादा सातवीतून शाळा सोडून गेला, त्याला लिहिता येत नाही. आमच्याकडे नवं घर बांधलं की त्याची शांत करतात. मूळ नक्षत्रावर पोर जन्मलं की पोराची शांत. माणूस साठीला आला की माणसाची शांत. ब्राह्मण बोलवायचा, होम पेटवायचा, चार माणसं जेवू घालायची. ‘शांत’ ही करायची गोष्ट, बाईमाणसासारखी, स्त्रीलिंगी. मी वाक्य मनातल्या मनात नीट केलं आणि शाळेतल्या वाचनाच्या आवाजात आईला वाचून दाखवलं, “काल इथे एका घराची शांत केली.”

आईचा चेहरा उजळला. “शांतीशेनेत गेलाय न्हवं,” ती म्हणाली, “मंग त्येचं कामच हाय त्ये.” तिनं ते शेजारी जाऊन सांगितलं. संध्याकाळी तिला निराळीच काळजी लागली.

“घरची बाई कोण हाय? लिवलंय का?”

“नाही लिहिलं.”

“आपला माणूस शांतीला बसला आन आपल्याकडनं आहेर न्हाई? काय म्हनंल ती बाई?”

आमच्याकडची रीतच ती. घराच्या शांतीला जो बसला त्याच्या घरून त्या घरच्या बाईला लुगडं जायला हवं, नाहीतर आयुष्यभर ऐकून घ्यावं लागतं. आई पुढच्या आठवड्यात भोरच्या बाजारातून लाल काठाचं हिरवं लुगडं घेऊन आली. स्वतःला तिनं त्या वर्षी काही घेतलं नाही. लुगडं ट्रंकेत सगळ्यात वर ठेवलं आणि मला पत्र लिहायला बसवलं. मी शुद्ध मराठीत लिहिलं, “त्या घरातल्या बाईसाठी आईने लुगडे घेऊन ठेवले आहे. येताना पत्ता आण.” अक्षर छान आलं म्हणून मी दोनदा वाचलं आणि डिंक लावला.

दादाचं त्यावर उत्तर आलं नाही. पुढची पत्रं आली ती नुसत्या खुशालीची.

तो परत आला तेव्हा एस्टीतून फाट्यावर उतरला आणि सडक सोडून बांधाबांधानं चालत आला. आईनं ओवाळलं, पाणी दिलं, आणि तो बसतो न बसतो तोच ट्रंक उघडून लुगडं त्याच्यापुढं धरलं. “ह्ये बग, तिच्यासाठी. बरी हाय न्हवं ती?”

दादा लुगड्याकडे बघत राहिला. मग आईकडे बघितलं. इतका वेळ की आईला वाटलं त्याला ऐकू आलं नाही. “हाय,” तो म्हणाला.

“मंग यील कवातरी,” आई म्हणाली आणि झाकण लावलं.

त्या दिवसापासून दादा आईच्या समोर तोंड करून जेवायला बसला नाही. दाराकडे तोंड करून बसायचा. नांगरलेल्या ढेकळात पाय टाकण्याआधी काठी टेकवून बघायचा. घरात कुणी बोलत नसलं की रेडिओ लावायचा, आणि सगळे शेतात गेले तर मोकळ्या घरात लावून ठेवायचा. गावातली माणसं म्हणायची, फौजी माणूस, त्याला शिस्त लागलीय.

पुढच्या वर्षी, उन्हाळ्यातच, दक्षिणेत एका निवडणुकीच्या सभेत एक बाई हार घेऊन पुढं आली आणि स्वतःसकट एका मोठ्या पुढाऱ्याला तिनं उडवलं. लंकेत सैन्य धाडल्याचा सूड, असं वर्तमानपत्रात आलं. तो कागद दादानं सात-आठ दिवस उशाखाली ठेवला. मी तेव्हा तेरा वर्षांची होते. का कोण जाणे, मी जुनी पत्रं काढली आणि ती ओळ पुन्हा वाचली. या वेळी ती मला बरोबर कळली. तिथं पूजा झाली नव्हती, माणसं मारली होती. आईला सांगावं असं खूप वाटलं, पण ती मारील म्हणून सांगितलं नाही. इतकं साधं कारण होतं. नंतर मी मोठी झाले, मार खायचं वय सरलं, तरी सांगायचं राहिलं ते राहिलंच.

आणि ती बाई घरात रुळली. दिवाळीच्या आधी आई ट्रंक उन्हात टाकायची तेव्हा ‘तिचं लुगडं’ वेगळं, काठीवर. पाऊस जास्त झाला की म्हणायची, “तिकडं लंकंत किती आसंल?” लंकेची बाई हे आमच्याकडे मावशी-आत्यासारखं नातं झालं. दादाचं लग्न झाल्यावर वहिनीनं पहिल्याच महिन्यात मला विचारलं, ही कोण? मी म्हटलं, आईच्या ओळखीची आहे.

शेवटच्या दोन वर्षांत आईचं भान सुटत गेलं. मी सुट्टीला गेले होते, दिवेलागणीची वेळ होती. आई भिंतीला टेकून बसली होती. एकदम म्हणाली, “ती आलीया. दारात उभी हाय. दमून आलीया, तिला आत घ्या.”

वहिनी करवादली. पण दादा उठला. दाराशी गेला, बाहेर बघत उभा राहिला, आणि मग एखाद्याची वाट अडू नये म्हणून सरकावं तसा हळूच बाजूला सरकला. बाहेर अंगण होतं, पलीकडे पाणी. तिथं कुणी नव्हतं, कुणी असूच शकत नव्हतं, हे त्या घरात मला एकटीलाच ठाऊक होतं. ती बाई मी तयार केली होती. तरी मी पसरलेले पाय जवळ ओढून घेतले, आत येणाऱ्याला वाट मिळावी म्हणून.

आई गेली त्याला आता आठ वर्षं झाली.

परिसंवादाचं विचारायला मी गावी गेले तेव्हा वहिनी ओट्यावर बसून तक्रारीच सांगत होती. “साठी आली, शांत करू म्हणलं, तर ह्यो शब्द घरात काढायचा न्हाई म्हनत्यात. लोक काय म्हनतील?” दादा घरात नव्हता. गोठ्यातून रेडिओचा आवाज येत होता. गोठ्यात जनावरं नाहीत, चार वर्षांपूर्वीच विकली. रिकाम्या गव्हाणीत रेडिओ ठेवलेला, त्याची वायर घरातल्या प्लगपर्यंत आलेली, आणि सीमेवरच्या बातम्या गवताच्या धुळीत एकट्याच चाललेल्या.

दादा खाली जुन्या गावठाणात होता. धरण झालं तेव्हा आमचं मूळ गाव पाण्यात गेलं आणि लोक वर सरकून बसले. माझ्या पणजोबांच्या वेळची ती गोष्ट. दरवर्षी मेमध्ये पाणी उतरलं की जुन्या घरांची जोती उघडी पडतात. उंबऱ्याचे दगड, एखादं फुटकं जातं, उखळ. बाकी सगळा भेगाळलेला गाळ आणि त्यात शिंपल्यांचे पांढरे तुकडे. माणसं गेल्यावर घरांचा नुसता आराखडा उरतो तिथं. दादा काठी टेकवत त्या जोत्यांमधून चालला होता.

मी हाक मारली. तो थांबला आणि म्हणाला, “माझ्या पावलात पाय टाकून ये.”

मी सत्तेचाळीस वर्षांची बाई, पायात चांगली चप्पल, आणि हा भाटघरचा गाळ, इथं कुठले सुरुंग. हसायला हवं होतं. पण मी त्याच्या पावलात पाय टाकत गेले. त्याची पावलं ओलसर गाळात खोल उमटली होती आणि त्यांचं अंतर सारखं होतं. अर्ध्यावर माझ्या लक्षात आलं, मी श्वास धरून चालतेय.

मी परिसंवादाचं सांगितलं. तो ऐकत होता की रेडिओ ऐकत होता ते कळेना. वरून बातम्यांचा आवाज पाण्यावरून स्पष्ट येत होता. आणि तेवढ्यात वीज गेली. आवाज मधल्या शब्दावर तुटला.

“हालू नको,” दादा म्हणाला.

आम्ही दोघं एका उंबऱ्यासमोर उभे राहिलो. वारा नव्हता. पाण्याचं काठावर लागणंसुद्धा ऐकू येईना. माझ्या कानात नुसतं भरून आलं. दादाच्या कपाळावर घाम जमला होता आणि तो त्या उंबऱ्याच्या आत, जिथं भिंतसुद्धा उरली नव्हती तिथं, एका कोपऱ्याकडे बघत होता. मीही बघितलं. गाळ होता. पण त्या कोपऱ्यात काही नाही असं मी छातीठोकपणे म्हणू शकले नसते.

“आसंच झालं व्हतं,” तो हळू आवाजात म्हणाला. आणि मग त्यानं जे कधी सांगितलं नव्हतं ते सांगितलं.

“गावाच्या कडंला येक घर व्हतं. तितनं गोळी आली. आमच्यातला येक गेला. सायब म्हनलं, शांत करा ते घर. आमी केलं. लई येळ करत व्हतो. मंग आवाज थांबला. मला म्हनलं, तू आत जाऊन बग.”

“मग?”

“चुलीवर भात शिजत व्हता. त्येवडाच आवाज, बाय. भात शिजायचा. बाकी समदी पडल्याली. आन कोपऱ्यात पोत्यामागं येक पोरगी. तुझ्याहून तीनचार वर्सांनी मोटी आसंल. डोळं उगडं. म्हनलं मेलीया. मंग पापनी हालली.”

त्यानं काठी दुसऱ्या हातात घेतली.

“म्या भाईर आलो. सायबाला म्हनलं, शांत हाय. खोटं बोललो. दुसऱ्या दिशी तुमाला पत्र टाकलं.”

तो पुढं म्हणाला, “ती हार घिऊन आल्याली, पेपरात आल्याली, ती ही न्हवती. ठावं हाय मला. पन ती बी कुठल्यातरी घरातनंच आली आसंल न्हवं? आपल्याकडं कायबी यिऊ न्हाई म्हनून आमी तिकडं गेलो. आन आमी गेलो म्हनून ती आली. रोज ईचार करतो. त्या पोरीला मारलं आस्तं तर बरं झालं आस्तं, का आमी गेलोच नसतो तर बरं झालं आस्तं? काय कळत न्हाई. कितीबी घरं शांत करा, येक उरतीच.”

मग तो माझ्याकडे वळला. त्याचे डोळे पाण्यानं भरले होते.

“पत्रात म्या तिचं लिवलं न्हवतं. कुनालाच सांगितलं न्हवतं. आन आईचं उत्तर आलं, त्या घरातल्या बाईसाठी लुगडं घेऊन ठेवलंय. म्या ते खंदकात बसून वाचलं. यवड्या लांबनं आईला कसं कळलं, आत कुनीतरी उरलंय म्हनून? मला वाटलं, आता आई मला घरात घेत न्हाई. पन तिनं घेतलं. समदं ठावं आसून ताटात वाढलं. म्या त्येवड्यावर जगलो, बाय.”

तो म्हणाला, आई गेली त्या वर्षी पाणी चढायला लागलं तेव्हा त्यानं ते लुगडं इथं या उंबऱ्यावर आणून ठेवलं. दोन दिवसांनी पाणी वर आलं आणि लुगडं गेलं. वहिनीला वाटतंय ते आईच्या अंगावर घातलं.

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. दादा, आईला काही कळलं नव्हतं. मी चुकीचं वाचलं. तिला वाटलं तू पूजा केलीस. हे म्हटलं असतं तर पस्तीस वर्षं त्याच्या मानेवर बसलेली ती दारातली बाई उतरली असती. पण त्याबरोबर आईही गेली असती. सगळं जाणून ज्या एका माणसानं त्याला जेवू घातलं, त्या माणसानं काहीच जाणलं नव्हतं असं झालं असतं. मी दोन्ही बाजू तोलत उभी राहिले, आणि वर गोठ्यात रेडिओ पुन्हा सुरू झाला.

“चल,” दादा म्हणाला. “बोलतो म्या तितं.”

व्याख्यान शाळेच्या पटांगणात होतं, सहा वाजता. खुर्च्या भरल्या, मागं लोक उभे राहिले. होय म्हणणारे वक्ते निवृत्त प्राध्यापक होते. त्यांचं म्हणणं, घुसून मारलं की धाक बसतो, अतिरेक्यांचे तळच उरले नाहीत तर ते येणार कुठून? टाळ्या पडल्या. नाही म्हणणारे वकील होते. ते म्हणाले, अमेरिका वीस वर्षं अफगाणिस्तानात राहिली आणि ज्यांना हाकललं तेच परत गादीवर बसले. त्यांनाही टाळ्या पडल्या, थोड्या कमी. दोघंही सारखं ‘आपण’ म्हणत होते. आपण गेलो, आपण मारलं, आपण जायला नको होतं. मला राग येत होता. गेलेला माणूस माझ्या डाव्या हाताला इस्त्रीचा सदरा घालून बसला होता आणि त्याचा एक पाय सारखा हलत होता.

मी त्याची ओळख करून दिली. तो उठला, माइकपासून दोन हात लांब उभा राहिला. मी माइक त्याच्याकडे सरकवला.

“मला भाषन येत न्हाई,” तो म्हणाला. “आमाला सांगितलं व्हतं, तिकडं जाऊन शांत करायचं, म्हंजी हितं शांत ऱ्हाईल. आमी येक घर शांत केलं. आत येक पोरगी उरली. म्या तिचं कुनाला सांगितलं न्हाई. पन माझ्या आईला हितं बसून कळलं. तिनं त्या पोरीसाठी लुगडं घेऊन ठेवलं. ती यील म्हनायची. मरूस्तवर म्हनायची. तुमी मला ईचारता सुरक्षित झालो का. आईनं दाराची कडी कदी लावली न्हाई, म्या कदी उगडी ठेवली न्हाई. दोगंबी तिचीच वाट बगत व्हतो.”

त्यानं हात जोडले. कुणी टाळी वाजवली नाही. अध्यक्षांनी घशात काहीतरी आवाज केला आणि मला खूण केली, पुढं चला. मी प्रश्न विचारा म्हणाले. सभेत नेहमी पहिला प्रश्न विचारणारे आमचे एक गृहस्थ आहेत, त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

मग मागून, जिथं लोक उभे होते तिथून, एका बाईचा आवाज आला. स्टेजवरचा दिवा माझ्या डोळ्यात होता, मला चेहरा दिसला नाही.

“पण तुमच्या आईला कळलं कसं?”

दादा दचकला नाही. हाच प्रश्न येणार हे त्याला माहीत असावं तसा तो माझ्याकडे वळला.

“पत्र हिनं वाचलं व्हतं,” तो म्हणाला. “आईला वाचता येत न्हवतं. ईचारा हिला. सांग बाय, तू काय वाचलंस?”

माइक माझ्या हातात होता. समोर माझे आजी-माजी विद्यार्थी बसले होते, त्यांच्या वह्यांत मी बावीस वर्षं लाल शाईनं रेघा ओढल्या होत्या. दादा माझ्या तोंडाकडे बघत होता, लहान मुलासारखा. मला त्याची फार दया आली, आणि तितकीच स्वतःची भीती वाटली.

“जसं लिहिलं होतं,” मी म्हणाले, “तसंच वाचलं.”

“बगा,” दादा सभेला म्हणाला, आणि खाली बसला.

आभार झाले, चहा झाला. प्रश्न विचारणारी बाई कोण ते मी दोघा-तिघांना विचारलं. मागं बऱ्याच बाया उभ्या होत्या, म्हणाले.

दादाला मी माझ्या गाडीतून गावी सोडायला निघाले. धरणाच्या बाजूनं रस्ता लागला. खिडकीची काच त्यानं पूर्ण खाली केली होती.

“बरं झालं कुनीतरी ईचारलं,” तो म्हणाला. “मला कवाकवा वाटायचं, तूच कायतरी चुकीचं वाचून दावलं आसशील. लहान व्हतीस.”

मला अजूनही बोलता आलं असतं. रस्ता मोकळा होता, आम्ही दोघंच होतो.

“नाही रे दादा,” मी म्हणाले.

“मंग ती हाय,” तो म्हणाला. मागं वळून त्यानं सीटवरची माझी पिशवी उचलली आणि जागा करून देण्यासाठी ती स्वतःच्या मांडीवर घेतली.